निळ्या दाराचं गाव

चाकणच्या चौकात बस अडकली की माझं डोकं फिरतं, आणि ते गेली नऊ वर्षं रोज संध्याकाळी फिरतं आहे. साडेपाचला कंपनी सुटते, पावणेसहाला बस गेटबाहेर पडते, आणि मग पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे टेम्पो, आणि मधल्या फटीतून उलट्या दिशेने घुसणारा एखादा शहाणा दुचाकीवाला. तिथून कुरुळी म्हणाल तर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. त्याला कधी तास लागतो, कधी सव्वा तास. मला त्याच्याही पुढे रावेतला जायचं असतं, म्हणजे माझी ही नुसती सुरुवात. घरी पोचेपर्यंत भूक मरते आणि तोंडातून सरळ शब्द निघत नाही. नवरा म्हणतो, "आधी पाणी पी, मग भांड."

रस्ता रुंद होणार, पूल होणार, हे ऐकून कान किटले. त्याचे फलक लागतात, फलकावरचे चेहरे उन्हाने फिके पडतात, मग नवे चेहरे लागतात. रस्ता तेवढाच. एकदा मी रागाच्या भरात बसमधून उतरून चालायला लागले. दहा मिनिटांत धुळीने खोकला लागला आणि मागून तीच बस आली. ड्रायव्हर काही बोलला नाही, नुसतं दार उघडलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर या अडकण्यातून ते गाव निघालं.

मी क्वालिटीमध्ये आहे. ब्रेकचे लहान लहान भाग व्हर्निअरने मोजायचे, मापात बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल. केसाएवढा फरक असला तरी मी भाग सोडत नाही, आणि त्यावरून प्रॉडक्शनवाले माझ्या पाठीमागे काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. माप हे माझं काम आहे आणि माझी खोडही. ही खोड पुढे महागात पडली, पण मला नाही. दुसरीला.

ती माझ्या शेजारी खिडकीपाशी बसायची. असेम्ब्लीमध्ये होती, पस्तिशीची, कुरुळीतल्या जुन्या शेतकरी घरातली थोरली सून. शेती आता बोलण्यापुरती. बऱ्याचशा जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं, उरलेल्या जागेत भाडेकरूंच्या खोल्या. घरात नवरा, दोन मुलं, सासू-सासरे, आणि धाकटा दीर, तो आमच्याच कंपनीत डिस्पॅचला. आमच्या पुढच्या सीटवर लातूरकडच्या एक मावशी असायच्या, पॅकिंगमधल्या, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. बाकीच्या दोघी-तिघी बदलत राहायच्या, कारण कंत्राट बदललं की माणसं बदलतात.

एका संध्याकाळी पाऊण तास झाला तरी बस जागची हलेना. सगळ्यांचे मोबाइल बघून झाले, सगळ्यांच्या सासवा बोलून झाल्या. मी वैतागून म्हणाले, "असं एक गाव पाहिजे, जिथं विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याने आपली गाडी डोक्यावर घेऊन घरी जायचं."

मावशी मागे वळल्या. "अन् कंटेनरवाल्यानं ओ?"

"त्याने कंटेनर."

"मग तर त्या गावात लई मुंडकी मोडली असतील बगा."

हसणं झालं, आणि हसता हसता गाव वसलं. दुसऱ्या दिवशी बस थांबल्या थांबल्या मावशींनीच विचारलं, "काय म्हणतंय गाव?" मग रोजचं झालं. त्या गावात लग्न झालं की नवऱ्याने दीड वर्ष बायकोच्या माहेरी ट्रेनी म्हणून राहायचं. सासू समाधानी असेल तर कन्फर्म, नाहीतर परत पाठवायचा. त्या गावात रागावलेलं माणूस उंबऱ्यावर बसतं, आणि त्याचा राग जाईपर्यंत घरच्यांनी खिडकीतून ये-जा करायची. जाडजूड पाटलालासुद्धा सवलत नाही. मावशींची चाल मला सगळ्यांत आवडायची. गुरुवारी त्या गावात कुणाच्याच भाजीत मीठ घालत नाहीत, म्हणजे आठवड्यातून एक दिवस तरी कुणाच्या हाताला कुणी नाव ठेवू शकत नाही.

माझा यातला उत्साह बघून मावशींना नवल वाटायचं. मी त्यांना सांगितलं नाही, पण गाव रचायची मला लहानपणापासून सवय. आम्ही पिंपरीत वाढलो, बुद्धविहारासमोरच्या चाळीत. वडील कंपनीत हेल्पर. मे महिना आला की वर्गातल्या मुली गावाला जायच्या आणि आंबे, विहिरी, चुलतभावंडं घेऊन परत यायच्या. आमचंही एक गाव होतं, पण वडील तिकडे फिरकायचे नाहीत, आम्हालाही न्यायचे नाहीत. "तिथं आपलं काय ठेवलंय," एवढंच म्हणायचे. का, ते मोठी झाल्यावर कळलं. लहानपणी एवढंच कळायचं की जूनमध्ये शाळेत सांगायला आपल्याकडे काही नाही. मग मी रचून सांगायचे. मी रचलेल्या गावात विहिरीला आतून जिना होता आणि तो कुठे जातो हे फक्त मला माहीत होतं. बाईंना खरं वाटायचं. बारीकसारीक तपशील नेमका दिला की कुणालाही खरं वाटतं, हे मी तेव्हाच शिकले.

बसमधल्या गावाला नियम एकच होता, आणि तो मीच घातला होता. एकदा एका मुलीने नवऱ्याच्या पिण्यावरून एक चाल सांगितली आणि सांगता सांगता तिचा आवाज अडला. तेव्हा मी म्हणाले, "गावातलं वेशीबाहेर न्यायचं नाही. बसचं दार ही वेस. आणि खरं की खोटं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनी तर गळ्याची शपथ घेतली.

कुरुळीची फक्त ऐकायची. गालावर हात ठेवून, बाहेर बघत. तिचा स्टॉप आला की पिशवी उचलून उतरायची. जामचा तिला कधी राग आलेला मी पाहिला नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. मी तिला एकदा म्हणाले, "अगं, तुला काहीच कसं वाटत नाही?" ती म्हणाली, "घाई करून कुटं जायाचं, म्याडम?"

आणि मग एक दिवस, मुलींचं बोलणं संपल्यावर, ती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "त्या गावात बाईला रोज एक तास हरवायची परवानगी हाय."

"हरवायची म्हणजे?"

"म्हंजी कुणालाच ठाव नसतं ती कुटं हाय. शेतात पान्याच्या मोटारीची खोली हाय. मोटार कवाच गेली. निळं दार हाय तिला, वरची बिजागरी तुटल्याली. उचलून लावाय लागतं, न्हाईतर कुरकुरतं. आत एक पोतं अंथरल्यालं. तितं बसायचं."

"बसून काय करायचं?" मावशींनी विचारलं.

"कायबी न्हाई."

"अन् घरचे शोधत न्हाईत?"

"घरच्यांस्नी वाटतं, रस्ता जाम हाय."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. ती मात्र ओढणीची गाठ सोडवत बसली होती.

पंधरा-वीस दिवसांनी वाहतूकवाल्यांचा कसलासा बंद होता. रस्त्यावर एक कंटेनर नाही. बस वीस मिनिटांत कुरुळीला आली आणि मी तर हरखूनच गेले होते. ती उतरली. तिचं घर डाव्या हाताला, गावाच्या आत. ती उजवीकडे वळली, गोडाऊनच्या भिंतीला धरून, खाली पायवाटेने. चार पावलं गेल्यावर तिने मागे वळून बसकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. मी काही खूण केली नाही, तिनेही नाही, पण दोघींना कळलं.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. त्यात एक असं होतं की मला काय माहीत होतं. मला माहीत होतं.

पुढच्या महिला दिनाला एचआरच्या पोराने टुमणं लावलं. "म्याडम, बोर्डसाठी काहीतरी लिहा ना. तुम्ही चांगलं बोलता." चांगलं बोलता म्हटलं की माणूस फसतो. कंपनीत मला कडक म्हणतात, किरकिरी म्हणतात, चांगलं बोलता असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. मी दोन रात्री जागून 'आमच्या गावच्या चालीरीती' असं एक पानभर लिहिलं. हॉर्नची चाल लिहिली, ट्रेनी नवरा लिहिला, उंबरा लिहिला, गुरुवारचं मीठ लिहिलं. कुणाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, बसचा उल्लेख नाही. सगळं कल्पनेतलं गाव. नियम मोडतोय असं मनात आलं, नाही असं नाही. पण मी म्हटलं, हे तर गोष्टीतलं आहे, गोष्टीला कसली वेस?

शेवटी ती तासाची चाल लिहिली. शेवटाला तीच शोभत होती. लिहिताना दाराशी येऊन मी थबकले, हेही खरं. पेन उचललं. मग मनात म्हटलं, नुसतं 'एक खोली' लिहिलं तर वाचणाऱ्याला काय दिसणार? निळं दार, वरची बिजागरी तुटलेली, उचलून लावावं लागतं. एवढं नेमकं कुठून सुचणार होतं मला? ते मी जसंच्या तसं ठेवलं. मापात बसलेला भाग मी लाल ट्रेमध्ये टाकत नाही.

पान कॅन्टीनमध्ये हात धुवायच्या जागेशेजारी लागलं. तिथं रांग असते, त्यामुळे झाडून सगळ्यांनी वाचलं. प्लँट हेडनी वाचलं. मला पहिलं बक्षीस म्हणून कॅसेरोल मिळाला आणि फोटो निघाला. मावशींनी मिठाची ओळ शोधून काढली, आपल्या डिपार्टमेंटच्या चौघींना दाखवली, शपथ वगैरे विसरून मिरवल्या. मला वाटलं, चला, कुणाला काही वाटलेलं नाही.

त्या संध्याकाळी माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मला वाटलं, सुट्टी असेल. दुसऱ्या दिवशीही रिकामी. तिसऱ्या दिवशी चौकात बस अडकलेली असताना डाव्या बाजूच्या मातीतून एक बाइक गेली. पुढे तिचा दीर, मागे ती, पिशवी मांडीवर धरून. गाड्यांच्या बाजूने ते सर्रकन पुढे निघून गेले आणि आतल्या रस्त्याला लागले.

आधी मला वाटलं, बरं झालं बाईचं, लवकर घरी जाईल. दोन मिनिटांनी मला बोर्डावरचं निळं दार आठवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डिस्पॅचला गेले. दीर पॅलेटवर बसून डबा खात होता. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण मला बघून उठून उभा राहिला. हा त्याचा चांगुलपणाच मला नडला.

"भाऊ, वहिनी हल्ली बसला नसतात," मी म्हणाले.

"व्हय म्याडम. मीच नेतो तिला. त्या जाममदी दोन-दोन तास बिचारी अडकायची. आतल्या रस्त्यानं पंधरा मिन्टात घरी."

"आधी कधी नेत नव्हतास."

"ध्यानातच आलं न्हाई बगा." मग थोडं थांबून, डब्याकडे बघत म्हणाला, "तुमचं वाचलं की बोर्डावर. लई भारी लिवलंय. ते दार तर अक्षी आमच्या मोटारीच्या खोलीचं."

"ते सगळं मनाने लिहिलंय, भाऊ. तसं गाव कुठे असतं का?"

"व्हय की. मनानंच." तो हसला. त्या हसण्यात कुठे खोट काढावी तर काढता येईना. "आमी काय म्हनलं का काय? आईबी खूश हाय. सून येळंवर घरी यायला लागली म्हनती."

आता याच्याशी भांडणार कसं? त्याने तिला शिवी दिली असती, हात उचलला असता, नोकरी सोड म्हटलं असतं, तर मी एचआर हलवलं असतं, त्याच्या घरी जाऊन बसले असते. भांडायला मी कुणाला भीत नाही. पण वहिनी उन्हातान्हात, धुळीत अडकू नये म्हणून बाइकवर नेणाऱ्या दिराला काय म्हणायचं? की बाबा रे, तिला अडकू दे? तिचा तास परत कर? तो म्हणाला, "जेवन झालं का म्याडम?" मी हो म्हणाले आणि परत आले. त्या दुपारी मी दोन ट्रे सरसकट लाल केले आणि सुपरवायझरशी वाद घातला. भाग बरोबर होते.

मग मी मूर्खासारखे उपाय करत राहिले. बोर्डावरून पान काढायला सांगितलं, तर एचआरचा पोरगा म्हणाला, "अहो, महिनाभर ठेवायचंय, साहेबांना आवडलंय." मावशींना म्हटलं, तुम्ही तिला बसमध्ये बोलवा, तुमच्या शेजारी बसायला. मावशी म्हणाल्या, "तिनं यायचं का न्हाई हे तिच्या हातात हाय का?" आणि मग कधी नाही ते आवाज खाली आणून, "तुम्ही लिवायला नको होतं बगा ते. माझं मीठ लिवलं तर काय बिघडत न्हाई. मीठ काय, सगळ्याच घरात हाय." त्यानंतर बसमध्ये गावाचं नाव कुणी काढलं नाही. बस पूर्वीसारखीच अडकते. आम्ही आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसतो. जामचा मला पूर्वी येत होता त्याहून जास्त राग येतो, आणि आता त्यात ओरडायलाही तोंड राहिलं नाही.

ती भेटायची ती कॅन्टीनमध्ये. मला टाळायची नाही, पण थांबायचीही नाही. महिन्याभराने एकदा ती एकटीच कोपऱ्याच्या टेबलावर सापडली. मी ताट घेऊन समोर बसले आणि सरळ म्हणाले, "माझं चुकलं."

ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "खोली दिली भाड्यानं. बिहारच्या दोघांना. दार काडून टाकलं ते. लोखंडी बसवलंय."

"घरात काही बोलले का तुला?"

"न्हाई. कोन काय बोलनार? मी काय केलं हुतं?" तिने पाण्याचा घोट घेतला. "सासूबाई एवढंच म्हनल्या, जाम नसला की बस किती वाजता येती गं. मी म्हनलं, ठाव न्हाई. त्या म्हनल्या, बरं."

मी काहीतरी बोलायला लागले. तुझं नाव कुठेच नव्हतं, मला वाटलं कुणाला कळणार नाही, मी तर ते चांगलंच म्हणून लिहिलं होतं, बाईला तास मिळावा म्हणूनच लिहिलं होतं. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. ती सगळं ऐकून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बसायला सोपं गेलं असतं.

"म्याडम," ती म्हणाली, "एक इचारू? समदं तुमी मनानं लिवलंत. मग दार तेवढं निळंच कशाला ठिवलं? हिरवं केलं असतं तर चाललं नसतं का?"

मी पुष्कळ शोधलं, पण उत्तर एकच होतं. छान दिसत होतं म्हणून.

"चाललं असतं," मी म्हणाले.

ती उठली आणि डबा धुवायला गेली. बोर्ड तिथेच होता. पान अजून लावलेलं होतं, कोपरे पाण्याने भिजून वर आलेले. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

वर मी दार निळं लिहिलं आहे. ते निळं नव्हतं. हिरवंही नव्हतं. ती कुरुळीची नाही, मोटारीची खोली नव्हती, आणि बिजागरी तुटलेली होती की नव्हती हेही आता मी सांगणार नाही. या वेळी मी बसून, एकेक करून, सगळी मापं चुकवली आहेत. ते दार मी कधी पाहिलं नाही, फक्त तिच्या तोंडून ऐकलं. त्याचा खरा रंग निळ्यापेक्षा कितीतरी सुंदर होता, आणि तो इथे लिहिता येत नाही म्हणून मी अजूनही चडफडते.